एका कुळातले आजार : डॉ. विल्यम डॅमेशेक

गालावर लाली दिसली की माणसाची प्रकृती उत्तम, असे आमच्या घरात धरूनच चालत असत. खानापूर तालुक्यात शेती करणारे माझे मामा साठीला आले तेव्हा त्यांचा चेहरा तांबूस दिसू लागला. आज्जीला त्याचे कौतुक वाटे. आंघोळ झाली की मात्र त्यांच्या सर्वांगाला खाज सुटे. मामी पाण्यात कडुनिंबाचा पाला घालून देत. डोके जड होणे, तळपायांची आग होणे या तक्रारी उन्हातल्या कामाच्या खात्यावर जमा होत. अशी दोन वर्षे गेली आणि एका सकाळी मामांचा उजवा हात उचलेना, शब्द अडखळू लागले. मेंदूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती.

तपासणीत कळले की मामांच्या अंगात रक्त कमी नव्हते, नको इतके जास्त होते. तांबड्या पेशींची दाटी होऊन रक्त घट्ट झाले होते. पुढे एक निराळी तपासणी झाली. तिच्या अहवालात जॅक-२ या नावापुढे काही अक्षरे, ६१७ हा आकडा आणि दोष आढळला असा शेरा होता. रक्त हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच, त्यामुळे वॉर्डातल्या कन्नड भाषक परिचारिकेशी मामांचे बोलणे बरेच जमले. पण त्या आकड्याचा अर्थ त्यांना कोणी सांगू शकले नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून तो कागद माझ्याकडे आला. हे वडिलांकडून आले का, मुलांना होईल का आणि आपल्या हातून काय चुकले, असे तीन प्रश्न मामांनी मला विचारले. त्यांची उत्तरे शोधताना माझी ओळख एका दिवंगत डॉक्टरांशी झाली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. इतरांनाही ते ठाऊक असावे, असे मला वाटते.

विल्यम डॅमेशेक यांचा जन्म १९०० साली रशियातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आले आणि बोस्टनच्या परिसरात स्थिरावले. परक्या देशात वाढलेला हा मुलगा हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचला आणि १९२३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. उमेदवारी त्यांनी बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये केली. तो काळ त्या शहरात रक्ताच्या अभ्यासाला मोठा अनुकूल होता. १९२६ मध्ये बोस्टनच्याच मिनॉट आणि मर्फी यांनी, तोवर प्राणघातक समजला जाणारा एक पंडुरोग रोज यकृत खाऊ घालून आटोक्यात आणता येतो, हे दाखवले आणि पुढे १९३४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रक्ताचे आजार नुसते पाहत बसण्याचे नाहीत, त्यांवर उपायही सापडू शकतो, हा विश्वास तरुण डॅमेशेकांनी त्या वातावरणातून घेतला असावा.

पुढे टफ्ट्स वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात त्यांनी आपली रक्तसंशोधन शाळा उभी केली. तिथे देशोदेशींचे तरुण डॉक्टर येऊन शिकत. डॅमेशेक प्रयोगशाळेत होते तितकेच रुग्णाच्या खाटेपाशीही असत. रक्त तयार होते ते हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. म्हणून १९३० च्या दशकात त्यांनी छातीच्या मधल्या हाडातून मज्जेचा नमुना काढून तो तपासण्याचा आग्रह धरला. नदीचे पाणी गढूळ का झाले हे समजण्यासाठी उगमापर्यंत चालत जावे, तसाच हा प्रकार होता.

१९४६ मध्ये त्यांनी केवळ रक्ताला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. त्याचे नावही रक्त याच अर्थाचे, ब्लड. १९६९ पर्यंत म्हणजे मृत्यूपर्यंत त्याचे संपादकपद त्यांच्याकडे होते. त्याच सुमारास स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेच्या आणि पुढे १९५७-५८ मध्ये उभ्या राहिलेल्या अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता. आपल्याकडे संपादक म्हटला की आलेले लेख लावणारा आणि मुद्रिते तपासणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. डॅमेशेक निराळे होते. आपल्या नियतकालिकाची पाने ते विचार करण्यासाठी वापरत. एखाद्या विषयावर पुरावा अपुरा असेल तर ते तसे सांगत आणि मग आपल्याला काय वाटते तेही लिहून टाकत.

असेच एक टिपण त्यांनी १९५१ मध्ये लिहिले. ते जेमतेम चार पानांचे होते. शीर्षकातच त्यांनी हे काही तर्क आहेत असे कबूल केले होते. त्यात प्रयोग नव्हता, तक्ते नव्हते. तरीही आज रक्तपेशींच्या अतिवाढीविषयी जे काही शिकवले जाते, त्याची सुरुवात बहुधा त्या चार पानांपासून होते.

त्याआधीची स्थिती अशी होती. तांबड्या पेशी वाढण्याचा, म्हणजे मामांना झाला तो आजार १८९२ मध्ये पॅरिसच्या व्हाकेझ यांनी वर्णन केला होता आणि १९०३ मध्ये ऑस्लर या नामवंत वैद्याने त्याला स्वतंत्र आजाराचे रूप दिले होते. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबिका वाढण्याचा आजार निराळा मानला जाई. मज्जेत तंतूंचे जाळे माजून ती सुकते आणि प्लीहा फुगत जाते, तो तिसरा. पांढऱ्या पेशींचा दीर्घकाळ चालणारा कर्करोग हा चौथा. प्रत्येकाचे नाव वेगळे, प्रकरण वेगळे.

डॅमेशेकांनी मात्र आपले रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले होते. आज तांबड्या पेशी वाढलेला माणूस त्यांच्याकडे येई, त्याच्या बिंबिकाही वाढलेल्या असत आणि पांढऱ्या पेशीही. दहा-पंधरा वर्षांनी त्याच माणसाची मज्जा तंतूंनी भरून जाई, प्लीहा बेंबीपर्यंत उतरे. एखाद्याला शेवटी रक्ताचा कर्करोग होई. मग हे आजार चार कसे, असा प्रश्न त्यांना पडला. मज्जा हा एकच अवयव आहे आणि तिच्यातल्या सगळ्या जातींच्या पेशी कसल्या तरी एका चेतनेने एकदम वाढीला लागतात. कोणात एक जात पुढे, कोणात दुसरी, एवढाच फरक, असा तर्क त्यांनी मांडला. या साऱ्यांना मज्जेच्या अतिवाढीचे विकार असे सामाईक नाव त्यांनी दिले. वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी आडनावे लावून राहणारी घरे मुळात एकाच कुळातली आहेत, असे कोणी जुन्या बखरी न पाहता केवळ चेहरेपट्टीवरून सांगावे, तसे हे होते.

ती चेतना कोणती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. एखादे संप्रेरक असावे, शरीरात कुठेतरी तयार होऊन मज्जेला डिवचत असावे, अशी त्यांची अटकळ होती. ही अटकळ लक्षात ठेवावी, कारण इथेच ते चुकले.

त्यांच्या आयुष्यातल्या इतर कामांचा ओझरता तरी उल्लेख करायला हवा. युद्धातल्या विषारी वायूच्या जातीचे एक रसायन, नायट्रोजन मस्टर्ड, रक्ताच्या कर्करोगांवर औषध म्हणून वापरून पाहणाऱ्यांत ते होते. त्याचा वृत्तान्त १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्लाला विरोध करणारी औषधे तयार झाली. सिडनी फार्बर यांनी ती १९४८ मध्ये बोस्टनमध्येच कर्करोगग्रस्त मुलांना देऊन पाहिली आणि लगोलग डॅमेशेकांनीही आपल्या रुग्णांवरचे अनुभव लिहिले. शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटते तेव्हा होणाऱ्या पंडुरोगाचा त्यांनी १९३८ पासून पाठपुरावा केला. १९५९ मध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवले की एका कर्करोगविरोधी औषधाने सशाची प्रतिकारशक्ती परक्या प्रथिनापुरती गप्प बसवता येते. हे वाचून इंग्लंडमधल्या रॉय काल्न यांनी ते औषध मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात वापरून पाहिले. आज दुसऱ्याचे मूत्रपिंड घेऊन जगणाऱ्या माणसांच्या कथेची एक वाट त्या सशांपासून निघते. १९६६ मध्ये डॅमेशेक न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयात गेले आणि १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या त्या चार पानी तर्काचा निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही.

निकाल लागत गेला तो हप्त्याहप्त्याने. पहिला धक्का त्यांच्या हयातीतच बसला. १९६० मध्ये फिलाडेल्फियाच्या नोवेल आणि हंगरफोर्ड यांना पांढऱ्या पेशींच्या त्या दीर्घ कर्करोगात एक आखूड झालेले गुणसूत्र सापडले. हा आजार निराळा निघाला. कुळातला एक भाऊ वेगळा झाला. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले की ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलल्यामुळे हे घडते.

उरलेल्या तिघांचे काय? १९७४ मध्ये टोरोंटोच्या प्रखाल आणि अ‍ॅक्सेलराड यांनी तांबड्या पेशी वाढलेल्या रुग्णांची मज्जा काचपात्रात वाढवली. निरोगी मज्जेतल्या पेशींना तांबड्या पेशींच्या वसाहती करण्यासाठी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक घालावे लागते. ते मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. या रुग्णांच्या काही पेशी मात्र ते न घालताच वाढू लागल्या. म्हणजे बाहेरून कोणी डिवचत नव्हते. खोड पेशीच्या आतच होती. डॅमेशेकांची संप्रेरकाची अटकळ इथे कोसळली.

पण १९७६ मध्ये त्यांच्या मुख्य तर्काला बळ मिळाले. अ‍ॅडमसन, फिआल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या दोन स्त्रियांचा अभ्यास केला. या स्त्रियांच्या शरीरात एका विकराचे दोन प्रकार होते; काही पेशींत एक, काहींत दुसरा. रक्तात मात्र तांबड्या पेशी, पांढऱ्या कणयुक्त पेशी आणि बिंबिका या तिन्हींत एकच प्रकार आढळला. याचा अर्थ या साऱ्या पेशी एकाच बिघडलेल्या मूळपेशीची लेकरे होती. चेहरेपट्टीवरून ओळखलेल्या कुळाला आता वंशावळीचा आधार मिळाला.

तो बिघाड नेमका कोणता, हे समजायला २००५ साल उजाडले. केंब्रिज, पॅरिस, बाझल आणि बोस्टन इथल्या चार गटांना जवळजवळ एकाच वेळी तेच उत्तर मिळाले. त्यांतले एक गाव बोस्टन असावे, याचे मला फार बरे वाटले.

उत्तर असे. मज्जेतल्या पेशीच्या पृष्ठभागावर संप्रेरकाचा निरोप घेणारी प्रथिने असतात. त्यांच्या आतल्या टोकाला जॅक-२ नावाचे प्रथिन चिकटून बसलेले असते. निरोप आला की ते जागे होते आणि पेशीच्या केंद्रापर्यंत वाढीचा हुकूम पोचवते. हे नाव जेनस या दोन तोंडांच्या रोमन द्वारदेवतेवरून आले, कारण या प्रथिनात एकमेकांसारखे दिसणारे दोन भाग असतात. एक काम करतो; दुसरा त्याला आवरून धरतो. या आवरणाऱ्या भागात ६१७ व्या जागी व्हॅलीन हे अमिनो आम्ल असते. जनुकातले एक अक्षर बदलले की तिथे फेनिलअ‍ॅलॅनीन येते आणि आवर सुटतो. आपल्या बेळगावच्या फाउंड्रीत भोंगा वाजलेला नसताना पाळी सुरू व्हावी आणि ती कधी सुटूच नये, तसे मज्जेत होते. तांबड्या पेशी, बिंबिका आणि पांढऱ्या कणयुक्त पेशी वाढवणारे तिन्ही निरोप याच जॅक-२ मार्गे जातात. म्हणून एका दोषाने तिन्ही जाती वाढतात. डॅमेशेकांना रुग्णाच्या खाटेपाशी दिसले होते ते हेच.

तांबड्या पेशी वाढलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत हा दोष सापडतो. बिंबिका वाढण्याच्या आणि मज्जा सुकण्याच्या आजारांत तो सुमारे निम्म्यांत असतो. उरलेल्यांपैकी काहींत, २००६ मध्ये कळले त्याप्रमाणे, बिंबिकांच्या संप्रेरकाचा निरोप घेणारे प्रथिनच बिघडलेले असते. २०१३ मध्ये व्हिएन्ना आणि केंब्रिजच्या संशोधकांना आणखी एक दोषी जनुक सापडले, कॅलरेटिक्युलिनचे. हे प्रथिन एरवी पेशीच्या आत इतर प्रथिनांच्या घड्या नीट बसवण्याचे काम करते. बिघडले की ते त्याच निरोप घेणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्याला जागे ठेवते. वाटा तीन, पण शेवटी सगळ्या जॅक-२ च्याच दारात येतात. वेगळ्या झालेल्या चौथ्या भावातही दोष त्याच जातीच्या एका विकरात आहे. तेही सतत चालू राहते. तेव्हा वाटणी झाली तरी चुलतनाते राहिलेच. काही रुग्णांत यांपैकी कोणताच दोष सापडत नाही आणि एकाच दोषाने एकाला हा तर दुसऱ्याला तो आजार का होतो, हेही पुरते उलगडलेले नाही. दोषी जनुकाची एक प्रत आहे की दोन, आणि त्याच्या आधी दुसरा कुठला दोष आला होता का, यावर काही अंशी ते ठरते, एवढे कळले आहे.

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग काय, असे कोणी विचारील. चौथ्या भावावर २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आले आणि त्या आजाराचे भविष्यच पालटले. जॅक-२ ला आवरणारे रुक्सोलिटिनिब २०११ मध्ये मज्जा सुकण्याच्या आजारासाठी मान्य झाले. ते प्लीहा लहान करते, त्रास कमी करते, आजार मात्र समूळ उपटत नाही. तांबड्या पेशींच्या आजारात मात्र मूळ उपाय अजूनही जुनाच आहे, रक्त काढणे. आपल्या आयुर्वेदाला रक्तमोक्षण नवे नाही. पण आता ते मोजून केले जाते. रक्तातला पेशींचा वाटा ४५ टक्क्यांच्या खाली ठेवला तर गुठळ्यांचे प्रमाण पुष्कळ घटते, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. सोबत अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा देतात आणि गरज पडली तर पेशींची वाढ रोखणारे औषध.

एवढे वाचून मी मामांकडे गेलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हा दोष वडिलांकडून आलेला नाही. तो मज्जेतल्या एका पेशीत उपजला. दुसऱ्याचे उत्तर, तो दोष मुलांकडे जात नाही. क्वचित एखाद्या घराण्यात असे आजार जास्त दिसतात, पण म्हणून भिऊन राहण्याचे कारण नाही. तिसरे उत्तर त्यांना सर्वांत हवे होते. तुमच्या हातून काहीही चुकले नाही; कोट्यवधी पेशी दुभागत असताना एका जागी एक अक्षर चुकले. चूक झालीच असेल तर ती आम्हा घरच्यांची. आम्ही लालीला आरोग्य समजलो आणि आंघोळीनंतरची खाज कोणा डॉक्टरांच्या कानावर घातली नाही. मामा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मामींकडे चहा मागितला. त्यानंतर आठ वर्षे ते नेमाने रक्त काढून घेत राहिले आणि एका वहीत तारखा लिहीत राहिले. हात बराचसा सुधारला. विळा धरता येई इतका.

विद्यार्थी मित्रांनो, डॅमेशेकांची गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की आपल्या वर्गात चुकीच्या उत्तराची फार भीती असते. खात्री नसेल तर न लिहिलेले बरे, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. डॅमेशेक अर्धे चुकले. चार भावांतला एक वेगळा निघाला, संप्रेरकाची अटकळ खोटी ठरली. पण आपण तर्क करीत आहोत हे त्यांनी लपवले नाही आणि तर्क असा मांडला की दुसऱ्याला तो तपासून पाहता यावा. टोरोंटोत, केंब्रिजमध्ये, पॅरिसमध्ये तो तपासला गेला तो त्यामुळेच. त्या चार पानांनंतर चोपन्न वर्षांनी आणि त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी उत्तर आले आणि पुढे ते खानापुरातल्या एका शेतकऱ्याच्या अहवालावर एका ओळीत उमटले.

मामांची ती वही माझ्याकडे आहे. जॅक-२ चा धडा शिकवायची वेळ आली की मी ती वर्गात नेतो.